वाक्य कुठं तोडायचं

चिनी भाषेत मावशीला 'आयी' म्हणतात. सख्खी मावशी तर झालीच, पण आईच्या वयाची कुठलीही बाई म्हणजे आयी. नऊ वर्षांपूर्वी आम्ही तैवानमधल्या शिन्चू शहरात राहायला आलो. पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये शेजारची आठ वर्षांची मुलगी माझ्याकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाली, "आयी हाव!" म्हणजे 'मावशी, नमस्कार'. मला ऐकू आलं ते 'आई'. माझी आई जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. लिफ्ट सातव्या मजल्यावर थांबली तरी माझ्या लक्षात आलं नाही.

ती मुलगी आता सतरा वर्षांची आहे. घरात तिला मेइमेइ म्हणतात, म्हणजे धाकटी बहीण. मीही तिला तेच म्हणते. गेलं दीड वर्ष ती दर बुधवारी रात्री आणि रविवारी दुपारी आमच्याकडे येत होती आणि जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघी इंग्रजी उतारे वाचत होतो. त्या दीड वर्षाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. जानेवारीत तिची परीक्षा झाली, आता लिहिते.

मी पुण्यात अकरावी-बारावीच्या वर्गांना सात वर्षं इंग्रजी शिकवलं. नवऱ्याला इथं चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी मिळाली म्हणून इकडे आलो. शिन्चूचं सायन्स पार्क १९८० साली सुरू झालं, आणि आज तिथं इतकी भारतीय माणसं आहेत की दिवाळीला आमच्या इमारतीतच चार घरी चकल्या होतात. इथले लोक शिन्चूला वाऱ्याचं शहर म्हणतात. ऑक्टोबर लागला की ईशान्येचा वारा जो सुटतो तो थेट मार्चपर्यंत. मेइमेइ यायची तेव्हा तिच्या केसांवरून बाहेर वारा किती आहे ते कळायचं.

दीड वर्षापूर्वी एका संध्याकाळी तिची आई पेरू घेऊन आली. मला ती 'लाओशर' म्हणते, म्हणजे गुरुजी. मी इथं कुठंही शिकवत नाही, पण एकदा शिकवलं की माणूस इथं आयुष्यभर लाओशर असतो. ती म्हणाली, "लाओशर, हिला शब्द सगळे येतात. व्याकरण येतं. उतारा वाचते, आणि उत्तर चुकतं. असं का होतं?"

तिथून सगळी सुरुवात झाली.

इथं बारावीच्या मुलांची मोठी परीक्षा जानेवारीत असते, तिला 'श्वेछ' म्हणतात. इंग्रजीचा पेपर १०० गुणांचा आणि १०० मिनिटांचा. उताऱ्यांखालच्या प्रश्नांना २४ गुण. उताऱ्यातून काढून घेतलेली वाक्यं परत आपापल्या जागी बसवायची, त्याला ८. शिवाय २०२२ पासून एक मिश्र प्रश्न असतो, १० गुणांचा. त्यात नुसता पर्याय निवडून भागत नाही. उताऱ्यातला शब्द शोधायचा, रिकाम्या जागेत शोभेल असं त्याचं रूप बदलायचं आणि हातानं लिहायचा. गाळलेल्या शब्दांचे प्रश्नही उताऱ्यातच. भाषांतर आणि निबंध यांचे २८ गुण सोडले तर जवळजवळ सगळा पेपर वाचनाचाच. जुलैत आणखी एक परीक्षा असते, पण २०२२ पासून तिच्यात इंग्रजी नाही. त्यामुळे संधी एकच, जानेवारीतली. समुद्रापलीकडे चीनमध्ये जूनमधल्या काओखाओ ह्या प्रवेशपरीक्षेला इंग्रजी १५० गुणांचं, आणि त्यातले ५० निव्वळ वाचनाचे. परीक्षा वेगळी, पण मुलं ठेचकाळतात त्या जागा त्याच.

शब्दांची एक अधिकृत यादी असते. सहा पायऱ्या, साधारण सहा हजार शब्द. मेइमेइला पाच पायऱ्या पाठ होत्या. खिशात मावेल एवढी छोटी वही, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे चिनी अर्थ. बसमध्ये, जेवणाच्या रांगेत, दुपारी वर्गात बाकावर डोकं टेकून झोपायची वेळ असते तेव्हासुद्धा ती वही तिच्या हातात. आणि मी सुरुवातीला काय केलं, तर सहावी पायरी पाठ करून घ्यायला लागले. तीन महिने त्यात गेले. ते तीन महिने मी तिचे वाया घालवले, असंच मला आज वाटतं. तिच्या आईनं प्रश्न नीट विचारला होता: शब्द येतात, मग उत्तर का चुकतं? मी तो प्रश्न ऐकलाच नव्हता.

माझे डोळे उघडले ते एका वाक्यामुळे.

तैवानच्या दक्षिण भागात थायनानजवळ छीकू नावाचा किनारी भाग आहे. तिथं हिवाळ्यात काळ्या तोंडाचे चमचे येतात. चमचा म्हणजे चपट्या, पळीसारख्या चोचीचा पक्षी. त्याचा एक भाऊबंद आपल्याकडे उजनीच्या पाणथळीवर, भिगवणला दिसतो. हा काळ्या तोंडाचा मात्र पूर्व आशियातलाच. १९९०च्या सुमारास जगात हे पक्षी जेमतेम तीनशे उरले होते. आता मोजणीत सहा हजारांच्या वर भरतात. छीकूचे लोक तळ्यांत माशांची शेती करतात आणि हिवाळ्यात मासळी काढून तळी उपसतात. तळाशी वीतभर पाणी राहतं आणि त्यात बारीक मासे. चमच्यांना तेवढंच पुरतं. मेइमेइचे आजोबा, ती त्यांना 'आकोंग' म्हणते, तिथलेच. त्यांची स्वतःची तळी आहेत. दरवर्षी चिनी नववर्षाला सगळं घर तिकडे जातं. म्हणून मी मुद्दाम त्या पक्ष्यांवर एक उतारा लिहिला. म्हटलं, आपल्या घरचं आहे, पोरगी झटक्यात सोडवेल.

त्यात एक वाक्य होतं: 'द पाँड्स दॅट फार्मर्स अलाँग द कोस्ट ड्रेन एव्हरी विंटर प्रोव्हाइड द बर्ड्स विथ फूड दे वुड अदरवाइज हॅव टू सर्च फॉर.' खाली प्रश्न: शेतकऱ्यांमुळे पक्ष्यांचं काय होतं? मेइमेइनं पर्याय निवडला: त्यांचं अन्न कमी होतं.

मी पेन्सिल खाली ठेवली. "तुझे आकोंग हिवाळ्यात काय करतात?"

"तळी उपसतात."

"मग पक्षी येतात की जातात?"

"येतात. खूप येतात. आम्ही गच्चीवरून बघतो."

"मग इथं काय लिहिलंय?"

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आयी, मला वाटलं परीक्षेतले शेतकरी वेगळे असतात. पर्यावरणाच्या उताऱ्यात माणसं नेहमी वाईटच असतात."

त्या रात्री मला झोप आली नाही. ती चुकली ह्याचं वाईट नव्हतं वाटलं. पण स्वतःच्या डोळ्यांनी दहा हिवाळे पाहिलेली गोष्ट ह्या मुलीनं कागदापुढे बसल्यावर बाजूला ठेवून दिली, कारण इंग्रजी उतारा ही तिच्या लेखी दुसऱ्याच कुठल्यातरी जगातली वस्तू होती. तिथं आपलं काही चालत नाही, अशी तिची खात्री होती.

दुसऱ्या दिवशी त्या वाक्याची मी नीट चिरफाड केली. पहिली अडचण क्रियापदांची. 'ड्रेन' आणि 'प्रोव्हाइड', मध्ये 'अँड' नाही, काही नाही. चिनीत अशी क्रियापदं एकापाठोपाठ एक सहज येतात. 'तो गाडीत बसून कामावर जातो' ह्याला चिनी माणूस 'तो बसतो गाडी जातो कामावर' असंच म्हणतो. मधला जोड लागत नाही, आणि काळाप्रमाणे क्रियापदाचं रूपही बदलत नाही. त्यामुळे मेइमेइनं वाचलं ते असं: शेतकरी उपसतात, पुरवतात. मग काय पुरवतात, कुणाला, ह्याचा मेळ बसेना, तेव्हा तिनं ओळखीच्या शब्दांवरून अंदाज बांधला. 'ड्रेन' वाईट शब्द. 'सर्च' म्हणजे शोधावं लागतं. झालं, अन्न कमी.

दुसरी अडचण 'अदरवाइज'ची. तिच्या वहीत त्याच्यासमोर एकच अर्थ होता, 'फोउच', म्हणजे 'नाहीतर'. लवकर ऊठ, नाहीतर बस चुकेल. हा अर्थ त्या वाक्यात बसतच नाही. आपण मराठी माणसं इथं नशीबवान आहोत. आपल्याकडे 'नाहीतर' वेगळा आणि 'एरवी' वेगळा. पक्ष्यांना एरवी जे अन्न शोधत हिंडावं लागलं असतं, ते इथं आयतं मिळतं. 'एरवी' ह्या एका शब्दात ते सगळं वाक्य उभं राहतं. मेइमेइजवळ तो शब्दच नव्हता. शब्द पाठ असणं आणि शब्द जवळ असणं ह्यांत इतकं अंतर असू शकतं, हे सात वर्षं शिकवूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

तिसरी अडचण सगळ्यांत खोल, आणि ती मला कळली कारण ती माझीच होती.

मी कऱ्हाडजवळच्या एका गावात मराठी शाळेत शिकले. इंग्रजी पाचवीपासून. महाराष्ट्रात ते पहिलीपासून सुरू झालं २००० साली, तोवर माझी शाळा संपत आली होती. तैवानमध्येही २००१ साली ते पाचवीपासून आणि पुढं तिसरीपासून आलं. आमच्या बाई फळ्यावर इंग्रजी वाक्य लिहायच्या आणि प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर आकडा घालायच्या: १, ५, ४, २, ३. त्या आकड्यांच्या क्रमानं वाचलं की मराठी वाक्य तयार. छोट्या वाक्यांना हा हिशेब बरोबर लागू पडायचा. आठवीत 'हू' आणि 'व्हिच' आले आणि आकडे कोलमडले. कारण इंग्रजी आधी वस्तू समोर ठेवतं आणि मग तिच्याबद्दल सांगत बसतं: द बुक दॅट आय रेड येस्टरडे. आपण आधी सगळं सांगतो आणि मग वस्तू ठेवतो: मी काल वाचलेलं पुस्तक. आणि चिनी? 'वो च्वोथ्येन तू त शू.' मी, काल, वाचलेलं, पुस्तक. शब्दाला शब्द, अगदी आपल्यासारखं. त्यातला 'त' म्हणजे आपल्या 'वाचलेलं'मधला 'लेलं' समजा. 'च्वोथ्येन'मधला च तर आपल्या 'चमचा'तला च आहे.

हजारो मैलांवरच्या दोन भाषा, एकमेकींशी काडीचं नातं नाही, आणि पुस्तकाआधी सगळी विशेषणं रांगेत उभी करायची दोघींची सवय एकच. ज्या दिवशी हे माझ्या लक्षात आलं, त्या दिवशी मला मेइमेइची पेन्सिल कळली. इंग्रजी वाक्य वाचताना तिच्या पेन्सिलचं टोक शेवटापर्यंत जायचं आणि मग मागं मागं यायचं. 'दॅट' दिसला की त्याच्या पुढचा सगळा भाग उचलून तो 'पाँड्स'च्या आधी नेऊन ठेवायचा, मग पुन्हा पुढं. आमच्या बाईंच्या आकड्यांसारखंच. एका वाक्यात तीन वेळा मागं गेलं की सुरुवात काय होती ते विसरायला होतं. उतारा संपेपर्यंत डोक्यात सुटे शब्द उरतात आणि थकवा.

मी एका जुन्या वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर कापून पट्टी केली. उताऱ्यावर पट्टी ठेवायची आणि एकेक तुकडा उघडा करायचा. मागं जायचं नाही.

"द पाँड्स. काय दिसलं?"

"तळी."

"धर ती हातात. दॅट. आता काय येणार?"

"तळ्यांची माहिती."

"येऊ दे. तळी सोडू नकोस."

'फार्मर्स अलाँग द कोस्ट', 'ड्रेन', 'एव्हरी विंटर'. इथं तिनं आपणहून पेन्सिलनं एक तिरकी रेघ मारली. "इथं माहिती संपली. आता तळ्यांचं काहीतरी होणार." पट्टी सरकली. 'प्रोव्हाइड.' "तळी पुरवतात!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की आतल्या खोलीतून माझा नवरा काय झालं म्हणून बघायला आला.

आणि मग ती थबकली. म्हणाली, "आयी, हे तर च्यूतोऊ आहे."

मला तो शब्द माहीत नव्हता. तिनं दप्तरातून चिनीचं पाठ्यपुस्तक काढलं. प्राचीन चिनी ग्रंथांत विरामचिन्हं नव्हती. अक्षरं एकाखाली एक, सलग. कुठं थांबायचं, कुठं श्वास घ्यायचा, हे वाचणाऱ्यानं ठरवायचं, आणि लहान मुलाला गुरू पहिल्यांदा तेच शिकवायचा. त्या तोडण्याला च्यूतोऊ म्हणतात. तैवानच्या बारावीपर्यंतच्या मुलांना आजही जुन्या चिनीतले उतारे अभ्यासाला असतात, आणि तिथं तोडायची जागा चुकली की अर्थ उलटा होतो. मेइमेइ त्यात पटाईत. वर्गात पहिली.

मला संस्कृतचा तास आठवला. पदच्छेद आणि अन्वय. मोडीतली पत्रंसुद्धा अशीच, शब्दांत जागा नाही, ओळ सलग धावते. वाचणारा तोडत तोडत जातो. म्हणजे ह्या मुलीजवळ दोन हजार वर्षांची एक विद्या होती, ती रोज सकाळी पहिल्या तासाला वापरत होती, आणि चौथ्या तासाला इंग्रजीचं पुस्तक उघडलं की ती दप्तरात ठेवून देत होती. आकोंगच्या तळ्यांसारखीच.

त्यानंतर तिरक्या रेघा सुरू झाल्या. पहिले दोन महिने कागद रेघांनी भरून जायचा. मग फक्त लांब वाक्यांत. पट्टी कधी सुटली ते आम्हाला दोघींनाही आठवत नाही.

इथं मला थांबून क्लासेसबद्दल थोडं बोलायचं आहे. तैपेईच्या मुख्य स्टेशनाजवळ नानयांग स्ट्रीट आहे, तिथं हे क्लास दाटीवाटीनं उभे आहेत. त्यांना 'बूशीपान' म्हणतात, आणि प्रत्येक गावात ते आहेत. मेइमेइही आठवड्यातून दोन रात्री एका क्लासला जायची. तिथं शिकवलेलं: आधी प्रश्न वाचा, प्रश्नातला मुख्य शब्द उताऱ्यात शोधा, त्याच्या आजूबाजूची दोन वाक्यं वाचा, 'हाउएव्हर'ला गोल करा, पुढं चला. शंभर मिनिटांच्या पेपरला शेवटच्या महिन्यात हे उपयोगी पडतं, मी नाकारत नाही. पण अकरावीतल्या मुलीला हे पहिल्या दिवसापासून शिकवलं तर ती वाचायलाच शिकत नाही. तिच्या लेखी उतारा म्हणजे उत्तर लपवलेली जागा. त्यात कुणीतरी माणूस आपल्याशी काही बोलतोय, हे तिला कुणी सांगतच नाही. मला ह्या गोष्टीचा मनापासून राग येतो.

त्याच पाठ्यपुस्तकात हान यू ह्यांचा गुरूंविषयीचा निबंध आहे. हान यू थांग काळातले, इसवी सन ७६८ ते ८२४. हा निबंध तैवानमधल्या बहुतेक मुलांना पाठ असतो. मेइमेइनं तो मला तोडत तोडत समजावून सांगितला, त्या रात्री शिकवणारी ती होती. त्यात ते म्हणतात, मुलांना च्यूतोऊ शिकवणारा गुरू वेगळा आणि मनातली शंका सोडवणारा गुरू वेगळा. वाक्य तोडता येईना म्हणून लोक गुरू शोधतात, पण शंका सुटेना म्हणून शोधत नाहीत. धाकटं शिकतात आणि थोरलं सोडून देतात.

मी ऐकत राहिले. आम्ही दोघी आतापर्यंत धाकटंच शिकत होतो, हे माझ्याही ध्यानात आलं आणि तिच्याही.

मग आम्ही प्रत्येक उताऱ्याला दोन प्रश्न विचारायला लागलो, छापलेले प्रश्न बघायच्या आधी. हे कोण सांगतंय? आणि त्याला हे सांगावंसं का वाटलं? पहिल्या प्रश्नाला ती लगेच उत्तर द्यायची. दुसऱ्याला अडायची. मग चिनीत बोलायला लागायची, हातवारे करत, आणि बोलता बोलता तिला सापडायचं. मी तिला चिनीत बोलू दिलं. विचार कुठल्याही भाषेत करावा, वाचलेलं आपलं झालं की पुरे. शाळेत 'फक्त इंग्रजीत बोला' म्हणतात, मला ते ह्या वयाला पटत नाही.

परिच्छेदाची घडणही तिला नवी होती. चिनी निबंध चार पावलांत चालतो: सुरुवात, विस्तार, वळण, समारोप. मूळ मुद्दा वळणावर किंवा शेवटी हाती येतो. आपल्याकडे नमनाला घडाभर तेल जातं, तसंच थोडंफार. इंग्रजी परिच्छेद बहुधा पहिल्याच वाक्यात मुद्दा टाकून मोकळा होतो. मेइमेइ ते पहिलं वाक्य प्रस्तावना समजून सोडून द्यायची आणि मुद्द्याची वाट बघत शेवटापर्यंत जायची. एकदा हे सांगितल्यावर तिला पुन्हा सांगावं लागलं नाही.

सर्वनामांना मात्र फार वेळ लागला. बोलण्यात चिनीत तो, ती, ते सगळ्यांना एकच उच्चार, 'था'. लिहिताना 'ती'साठी वेगळं अक्षर आहे, पण तेही रुळलं शंभरेक वर्षांपूर्वी. शिवाय चिनीत, आणि मराठीतही, सर्वनाम गाळून टाकता येतं. 'आला का?' 'आला.' कोण ते दोघांना माहीत. इंग्रजीत प्रत्येक ठिकाणी 'इट' आणि 'धिस' आणि 'सच', आणि गाळलेली वाक्यं जागेवर बसवायच्या प्रश्नात सगळी मदार त्यांच्यावरच. आम्ही लाल पेन्सिलनं बाण काढायचो. 'धिस'पासून निघालेला बाण कुठं जाऊन टेकतो? एकदा एका 'धिस'चा बाण तिनं मागच्या अख्ख्या परिच्छेदाभोवती वेढा घालून आणला आणि माझ्याकडे बघितलं. बरोबर होतं. तो 'धिस' सगळ्या परिच्छेदाला मिळूनच होता.

नवा शब्द आला की ती पूर्वी घाबरायची. मी विचारलं, चिनीत अनोळखी अक्षर आलं तर काय करतेस? म्हणाली, डावीकडे पाण्याचे तीन थेंब असले तर पाण्याशी काहीतरी संबंध, बाजूला मासा असला तर बहुतेक माशाचं नाव. मग इंग्रजीतही तसे थेंब असतात की. 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे, 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणं, 'अन' म्हणजे नाही. हे क्लासमध्येही शिकवतात, यादी करून. पण आपण आपल्या लिपीत जे करतो तेच इथं करायचं, हे कळल्यावर तिची भीती गेली.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिच्या आईबरोबर मीही देवळात गेले. वनछांग हा विद्येचा देव. परीक्षेच्या दिवसांत त्याच्यासमोरच्या टेबलावर मुलांच्या हॉलतिकिटांच्या झेरॉक्स प्रती रचलेल्या असतात, आणि बाजूला सेलरीची जुडी, कांद्याची पात, मुळा. सेलरीचा उच्चार 'कष्टाळू'सारखा, पातीचा 'हुशार'सारखा. मोदकासारखे पाव आणि पानात बांधलेला भात शेजारी शेजारी ठेवतात, कारण दोन्हींची नावं जोडली की 'हमखास लागणार' असं ऐकू येतं. तिच्या आईनं पात नीट जुळवून ठेवली. मी मनात गणपतीला हात जोडले.

परीक्षेनंतर ती भेटली तेव्हा पेपर कसा गेला ते मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं, "एका उताऱ्यात लिहिणाऱ्या माणसाचं मला पटलं नाही." मग दहा मिनिटं ती मला का पटलं नाही ते सांगत होती. मी चहा टाकला आणि ऐकत बसले.

चिनी नववर्षाला ती सगळी छीकूला गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी फोनवर एक फोटो आला. करडं आभाळ, तळ्याच्या बांधावर आजोबांची पाठ, रबरी बूट, आणि पलीकडे चिखलात माना खाली घातलेले पांढरे पक्षी. खाली लिहिलं होतं: 'द पाँड दॅट माय आकोंग ड्रेन्ड लास्ट वीक इज फुल ऑफ बर्ड्स.' पाठोपाठ दुसरा निरोप: आयी, हे मराठीत कसं म्हणायचं? आकोंगना म्हणून दाखवायचंय.

मी रेकॉर्ड करून पाठवलं, हळूहळू, प्रत्येक तुकड्यानंतर थांबत. "माझ्या आजोबांनी, गेल्या आठवड्यात, उपसलेलं तळं, पक्ष्यांनी, भरून गेलंय."

थोड्या वेळानं तिचा आवाज आला. मागं वारा होता. 'उपसलेलं'पाशी ती एकदा अडखळली, मग पुन्हा पहिल्यापासून म्हणाली.